उजव्या हातात आरसा दिल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दातांबद्दल थँक्यू त्याच दिवशी म्हणून झालं. हे पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे, आणि ती बहुतेक तुमच्या लक्षातही नसेल.

माझे वरचे, पटाशीच्या दोन दातांना लागून असलेले दात तांदळाच्या दाण्यासारखे. टोकाकडे निमुळते, दोन्ही बाजूंना फट. शाळेत 'उंदीर' म्हणत. पुढे पाहण्याच्या एका कार्यक्रमात मुलाच्या आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "पोरीचे दुधाचे दात पडले नाही काय वो अजून?" सगळे हसले. मीही हसले, तोंडावर हात ठेवून. तो उजवा हात पुढची नऊ वर्षं तिथेच राहिला. नागपूरच्या उन्हाळ्याला लोक शिव्या घालतात, मला मात्र मे महिना आवडायचा. ४५ डिग्रीत सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवतात, त्यात मी एक.

तुमच्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्यांनी विचारलं, "जेवता येतं ना? मग झालं तर." दुसरा दवाखाना चकचकीत, कॉफीचं मशीनसुद्धा होतं. ते डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, आईशी बोलले. "लग्नाआधी समोरचे सहाही दात घासून कॅप लावून टाकू, पॅकेज आहे." लहान दात दोन आणि घासायचे सहा! मी गप्प. जिना उतरताना आईच म्हणाली, "काहून वो, चांगले दात काहून घासतात?" आई सातवी शिकलेली आहे.

तुम्ही पहिल्यांदा या दातांना नाव दिलं, पेग लॅटरल. १०० पैकी १-२ जणांना असे असतात आणि बरेचदा घराण्यातून येतात, हे ऐकून मला मामाच्या भल्यामोठ्या मिशीचा उलगडा झाला. मग कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलंत. कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावलं तर दात जवळजवळ घासावाच लागत नाही, पण ५-७ वर्षांत डागडुजी निघते आणि चहा-हळदीने रंग धरतो. व्हीनियर, म्हणजे दातावर समोरून चिकटवायचा पातळ पापुद्रा, जास्त टिकतं, पण त्यासाठी दात समोरून साधारण अर्धा मिलिमीटर तासावा लागतो आणि गेलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, परत येत नाही. कॅपला तर चहूबाजूंनी घासणं आलं. "आधी मागे फिरता येईल असं करू," म्हणालात. आणि वर, "आज काहीच नाही करायचं. घरी जाऊन विचार करा."

पण ती गोष्ट याच्याही आधीची. रंग जुळवायला तुम्ही मला खिडकीपाशी नेलंत, ट्यूबलाइटखाली दाताचा रंग खोटा दिसतो म्हणून. मी बोलताना हात तोंडाकडे नेत होते. तुम्ही "हात काढा" म्हणाला नाहीत. नुसता आरसा पुढे केलात, "हा उजव्या हातात धरा जरा." मग दातांच्या रंगांची ती पट्टी डाव्या हातात दिलीत. "आणि हे पण." दोन्ही हात गुंतले. मग विचारलंत, चौथीची पोरं फार त्रास देतात का हो? मी त्या कार्ट्याचा किस्सा सांगितला, ज्याने गृहपाठ बकरीने खाल्ला म्हणून पुरावा म्हणून बकरीच शाळेत आणली होती. तुम्ही हसलात, मी हसले, खळखळून, त्याच जुन्या दातांनी, भर उजेडात.

मला हे तेव्हा कळलंही नाही. परत जाताना सक्करदरा चौकात सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं, आणि स्कार्फच्या आत डोळ्यांतून पाणी आलं. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. एखाद्या म्हातारीकडे पैसे कमी पडताहेत असं दिसलं की ते तिच्याकडे न बघता मागच्या सीटकडे वळायचे. "तुमचं परत येताना पाहतो," म्हणायचे. परत येताना ते काय करायचे हे आम्हाला कधी कळलं नाही, पगारातून किती जायचं हे आईला ठाऊक. तुम्ही आरसा दिलात तेव्हा मला बाबा आठवायला हवे होते. आठवले ते चौकात.

दात छान झालेत. तर्री पोहे सोडलेले नाहीत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे खाल्ल्यावर चूळ भरते. आईला दुसऱ्या दिवशीपर्यंत काही बदललंय हे कळलंच नाही, नुसतं म्हणाली, "आज बरी दिसून राहिली." मामाला सांगितलंय, मिशी काढायची असेल तर आधी तुमच्याकडे जा. तो नाही म्हणतो.

पुढच्या महिन्यात पॉलिशला येते आहे. संत्रा बर्फी आणते, सिस्टरताईंचा डबा वेगळा.

तुमची,
चौथी 'ब'ची बाई