बाबा, तरुण संघ बंद करू नका

पुणे

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

बाबा, आपल्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या येत्या बैठकीत तरुण संघाचा विषय निघणार आहे आणि त्यावर माझे मत तुम्हांला हवे आहे, असे तुम्ही फोनवर म्हणालात. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीवर घाईघाईने बोलणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. कमिटीपुढे दोन सूचना आल्या आहेत, असे तुमच्या बोलण्यावरून समजले. रविवारी संध्याकाळची तरुणांची सभा बंद करून सर्वांनी सकाळच्या उपासनेलाच यावे, ही एक. आणि बाहेरून पगारी युवा-पाळक आणून तरुणांचे सगळे काम त्याच्या हाती सोपवावे, ही दुसरी. मला दोन्ही सूचना पटत नाहीत. पहिलीत तरुणांची जागाच जाते आणि दुसरीत त्यांच्याविषयीची आपली जबाबदारी जाते.

तरुण मुले सभेत फक्त गाणी म्हणतात, शास्त्रवचनावर थोडा वेळ घालवतात आणि बारावी झाली की दिसेनाशी होतात, ही वडीलधाऱ्यांची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. इथे पुण्याच्या आमच्या मंडळीत तरुणांबरोबर काम करताना मीही हेच पाहते. दहावीचे वर्ष लागले की रविवारी सकाळी क्लास असतो, आणि आई-वडील स्वतःच उपासनेऐवजी मुलाला क्लासला पाठवतात. दोन-तीन वर्षे सुट्टी दिलेला विश्वास पुढे वसतिगृहात गेल्यावर आपोआप परत येईल, अशी अपेक्षा आपण कशाच्या आधारावर करतो, हे मला समजत नाही. मात्र या गळतीचे कारण तरुण संघ आहे, असा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. जी मुले टिकली त्यांच्याकडे पाहिले, तर बहुतेकांच्या बाबतीत दोन गोष्टी आढळतात. कोणीतरी त्यांच्यावर मंडळीतील खरे काम सोपवले होते, आणि कोणीतरी वडीलधारे माणूस त्यांच्या प्रश्नांपाशी बसले होते.

तरुणांची स्वतंत्र सभा हे काही आजचे खूळ नव्हे, हे कमिटीतील मंडळींना आठवण करून द्यावे, अशी माझी विनंती आहे. २ फेब्रुवारी १८८१ रोजी अमेरिकेतील मेन राज्यात, पोर्टलंड शहरी, फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकाने आपल्या मंडळीतील मुलामुलींना घरी बोलावले आणि ख्रिश्चन एंडेव्हर सोसायटीची सुरुवात केली. त्या हिवाळ्यात पुष्कळ मुलांनी विश्वास स्वीकारला होता आणि आता त्यांचे पुढे काय करावे, हा क्लार्क यांच्यापुढचा प्रश्न होता. मुलांचे मन रमवण्याचे मार्ग त्यांनी शोधले नाहीत. त्यांनी मुलांकडून वचन घेतले. रोज प्रार्थना करायची, रोज शास्त्र वाचायचे, प्रत्येक सभेला हजर राहायचे आणि सभेत काही ना काही भाग घ्यायचाच. शिवाय वेगवेगळ्या समित्या करून प्रत्येकावर काही काम सोपवले. लाजरा मुलगासुद्धा निदान शास्त्रातले एक वचन उभा राहून वाचत असे. पाळकाच्या घरच्या त्या बैठकीपासून निघालेली ही पद्धत थोड्याच वर्षांत अनेक देशांत पसरली आणि हिंदुस्थानातही आली. तिच्या मुळाशी असलेली समजूत मला आजही योग्य वाटते: तरुण माणूस ऐकून जितका वाढतो, त्याहून अधिक तो उत्तरदायी होऊन वाढतो.

आई, तुझ्या माहेरच्या कोल्हापूरचेही यात नाते आहे. तू लहानपणी जात होतीस ते वायल्डर मेमोरियल चर्च ज्या वायल्डर घराण्याच्या नावाने ओळखले जाते, त्या घरातला रॉबर्ट वायल्डर १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. पुढे तो अमेरिकेत शिकायला गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे प्रसिद्ध सुवार्तिक ड्वाइट मूडी यांनी बोलावलेल्या विद्यार्थी-शिबिराला तो हजर होता. शिबिर संपले तेव्हा शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जाण्याची तयारी लिहून दिली होती आणि त्यातूनच विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. ही गोष्ट सांगताना शिबिरातील उत्साहावरच बहुधा भर दिला जातो. मला मात्र त्याच्या आधीची वर्षे महत्त्वाची वाटतात. रॉबर्टचे वडील रॉयल वायल्डर यांनी अनेक वर्षे कोल्हापुरात सेवा केली होती. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला त्यांच्या घरी विद्यार्थी प्रार्थनेला जमत, आणि रॉबर्टची बहीण ग्रेस या कामासाठी त्याच्याबरोबर प्रार्थना करीत असे. शिबिराने ज्याला वाचा फोडली ते घरात आधीच रुजलेले होते.

केडगावच्या मुक्तीचेही असेच आहे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींमध्ये झालेल्या संजीवनाच्या, म्हणजे आध्यात्मिक जागृतीच्या, कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो: रडून केलेले पश्चात्ताप, रात्र-रात्र चाललेल्या प्रार्थना. ते सगळे खरेच घडले. पण रमाबाईंनी त्या मुलींना केवळ भावनेच्या भरात सोडले नाही. त्यांना लिहा-वाचायला शिकवले, हाताला काम दिले, टोळ्या करून आसपासच्या गावांत साक्ष द्यायला पाठवले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर ज्या छापखान्यात छापले गेले, तो मुक्तीचाच, आणि तिथे खिळे जुळवणारे हातही मुक्तीतल्या स्त्रियांचे. दुष्काळातून, विटंबनेतून आलेल्या ज्या मुलींना जगाने टाकून दिले होते, त्यांच्या हाती इतके मोठे काम देण्याचे धैर्य रमाबाईंना झाले. आपल्या तरुणांना नाताळात खुर्च्या मांडणे आणि सजावट करणे यापलीकडे आपण काय देतो, याचा विचार कमिटीने मनापासून करावा.

शिबिरांविषयी तुमच्या मनात शंका आहे, ती मला माहीत आहे. शेवटच्या रात्री दिवे मंद होतात, हळू संगीत चालू असते, मुले-मुली पुढे येऊन गुडघे टेकतात, रडतात, निर्णय घेतात. त्या रडण्याला मी कधीही खोटे म्हणणार नाही. कित्येकांनी आपल्या मनातले ओझे पहिल्यांदा तिथेच उतरवलेले असते, आणि देव त्या रात्री त्यांच्याशी बोलला, असे मी मानते. तथापि त्या रात्रीलाच विश्वासाचे माप मानले, तर पुढच्या महिन्यात मन कोरडे पडल्यावर मुलाला वाटते की आपला विश्वासच गेला. कोरड्या दिवसांतही प्रार्थना करता येते, स्तोत्रकर्त्यांनीही देवाला ‘किती काळ?’ असे विचारले आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून शिबिरावर खर्च होतोच आहे, तर त्याहून अधिक लक्ष शिबिरानंतरच्या वर्षाकडे द्यावे, असे मला वाटते. लहान लहान गट असावेत, प्रत्येक गटाबरोबर वर्षभर तीच दोन मोठी माणसे असावीत, आणि कोणतेही मोठे माणूस एखाद्या मुलाला किंवा मुलीला कधीही एकटे घेऊन बसणार नाही, हा नियम लेखी असावा. यात कोणावर अविश्वास नाही. मुलांच्या सुरक्षिततेची काळजी हाही सेवेचाच भाग आहे.

आता प्रश्नांविषयी, कारण माझ्या मते खरा जीव इथे आहे. दादाचा थोरला मुलगा इथे इंजिनिअरिंगला आहे आणि बहुतेक रविवारी आमच्याकडे जेवायला येतो, हे तुम्हांला माहीतच आहे. त्याने मध्यंतरी चर्चला जाणे सोडले होते. कारण विचारल्यावर त्याने जे सांगितले ते ऐकून मला वाईट वाटले. दादा आजारी असताना त्याच्या ज्या मित्राने धावून येऊन रक्त दिले, तो मित्र ख्रिस्ती नाही. मग मरणानंतर त्याचे काय होणार, असे त्याने एका सभेत विचारले होते. असे प्रश्न सैतान मनात घालतो, विश्वास ठेव आणि गप्प बस, असे त्याला सर्वांदेखत सांगण्यात आले. आमच्याकडेही त्याच्या प्रश्नाचे तयार उत्तर नव्हते. आम्ही त्याच्याबरोबर प्रेषितांच्या कृत्यांतील दहावा अध्याय, यहूदी नसलेल्या कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याची हकिगत, सावकाश वाचायला घेतली आणि त्याच्याकडे जाताना प्रेषित पेत्राला स्वतःचे किती पक्के ग्रह सोडावे लागले यावर बोललो. त्याचे पूर्ण समाधान झाले, असे मी म्हणणार नाही. परंतु तो आता पुन्हा उपासनेला येतो, आणि महत्त्वाचे म्हणजे तो विचारतो. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न करीत होता, असे लूकने शुभवर्तमानात लिहिले आहे. त्या गुरुजनांनी त्याला उठवून लावले नाही.

आपल्या मुलांना आणखी एक प्रश्न भेडसावतो आणि तो त्यांना वर्गात, कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी कोणी ना कोणी विचारतेच: तुमच्या पूर्वजांनी धर्म का बदलला, कशाच्या मोबदल्यात? इंग्रजी आणि हिंदी गाण्यांतून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. नगर जिल्ह्यातील कितीतरी मंडळ्या गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांतून उभ्या राहिल्या, मिशनच्या शाळेत त्यांच्या मुलांनी पहिल्यांदा पाटी हाती घेतली, आणि आपण देवाच्या प्रतिमेचे आहोत हे त्यांनी प्रथम शुभवर्तमानात ऐकले. बाबा, तुमचे आजोबा अक्षरओळख कशी शिकले आणि त्यासाठी त्यांनी काय सोसले, हे तुम्ही आम्हा भावंडांना सांगितले आहे. मंडळीतील मुलांना तुम्ही ते कधी सांगितलेले नाही. ते कोणत्याही युवा-पाळकाला सांगता येणार नाही. त्यासाठी तुम्हीच हवे आहात.

अमेरिकेत २००२-०३ साली ख्रिश्चन स्मिथ या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली किशोरवयीन मुलांच्या धार्मिक जीवनाचा मोठा अभ्यास झाला आणि तीन हजारांहून अधिक मुलामुलींना प्रश्न विचारले गेले. मुलांच्या विश्वासावर सर्वांत अधिक प्रभाव आई-वडिलांचा असतो, असे त्यात दिसून आले. पुष्कळ मुलांना देव म्हणजे आपण चांगले वागावे, सुखी असावे अशी इच्छा धरणारा आणि अडचणीत मदतीला येणारा कोणीतरी, एवढेच सांगता आले, असेही आढळले. तो देश वेगळा, तिथली परिस्थिती वेगळी; पण ही दोन्ही निरीक्षणे मला आपल्याकडेही लागू पडताना दिसतात. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना त्याच्या विश्वासाचा माग त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत नेला आहे. आई, दिवसभराचे काम आटोपल्यावर तू कंदिलाच्या उजेडात मोठ्याने शास्त्र वाचायचीस आणि एखादे वचन कळले नाही तर ‘मला हे उमगले नाही’ असे सरळ म्हणायचीस. मला त्याचा किती उपयोग झाला, हे मी तुला कधी लिहिले नव्हते. न कळणे आणि विश्वास असणे ही दोन्ही एका माणसात नांदू शकतात, हे मी तुझ्याकडून शिकले.

उपासनेतल्या जुन्या-नव्या गाण्यांचा वाद मी वाढवू इच्छित नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची चाल पाडली आणि पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीतून ख्रिस्त गायला, तेही त्या काळच्या उपासनेत नवेच होते. गिटारला माझी हरकत नाही. टिळकांची गीते त्याच गिटारवर म्हणायला मुलांना शिकवावे आणि आधी त्यांचा अर्थ बसून समजावून सांगावा, एवढेच मी सुचवेन. आमच्याकडे हे करून पाहिले, तेव्हा मुलांनी ती गीते स्वतःहून पुन्हा मागितली.

तेव्हा बाबा, तुम्ही बैठकीत एवढे मांडावे, अशी माझी विनंती आहे. संध्याकाळची सभा चालू राहू द्यावी, मात्र सकाळच्या उपासनेतही तरुणांना शास्त्रवाचन, मध्यस्थीची प्रार्थना आणि संडे स्कूलचे वर्ग नियमितपणे द्यावेत. कमिटीत तरुणांचे दोन प्रतिनिधी घ्यावेत आणि त्यांचे मत केवळ ऐकून न घेता मोजावे. पगारी सेवक नेमायचाच असेल, तर त्याने तरुणांना आपल्याभोवती गोळा करण्याऐवजी मंडळीतील मोठ्या माणसांना तरुणांबरोबर बसायला शिकवावे, ही अट नेमणुकीत लिहावी. दहावी-बारावीच्या मुलांसाठी सभेची वेळ बदलता येते का, हेही पाहावे. आणि जी मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जातात, त्यांची नावे तिथल्या मंडळीच्या पाळकांना आधीच कळवावीत. पुण्याकडे येणाऱ्यांची यादी माझ्याकडे पाठवा, मी त्यांना भेटेन.

मुलांबरोबर बसायला आपले वय झाले, असे तुम्ही मागे म्हणाला होतात. बाबा, पवित्र शास्त्रातल्या लहानग्या शमुवेलाला देवाची हाक ऐकू आली, पण ती कोणाची हे त्याला कळत नव्हते. दृष्टी मंद झालेल्या म्हाताऱ्या याजक एलीनेच ते ओळखले आणि उत्तर कसे द्यायचे ते त्याला सांगितले. आईच्या गुडघ्यांमुळे तिला चर्चच्या पायऱ्या चढवत नसतील, तर महिन्यातून एकदा मुलांनाच घरी बोलवा. चहा-बिस्किटांचा खर्च आम्ही पाठवू. नाताळच्या सुट्टीत आम्ही येऊ तेव्हा पहिली बैठक मी स्वतः तुमच्याबरोबर बसून घेईन. कमिटीचा निर्णय काय होतो ते मात्र लगेच कळवा, आणि आईच्या गोळ्या संपत आल्या असतील तर तेही सांगा, म्हणजे इथून येणाऱ्या कोणाबरोबर पाठवता येतील.

तुमची लेक