राग ट्रॉलीवाल्या मुलीवर का?

विमानातील सेवा खालावली, सेविका हसतही नाहीत, अशी तक्रार करणारा आपला लेख वाचला; ती अर्धीच पटली. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूला जाताना पाणीही मागून घ्यावे लागते, हे खरे. पण तासाभराच्या उड्डाणात दोघीतिघी विमानसेविकांनी खाद्यपदार्थ विकायचे, पैसे घ्यायचे, कचरा गोळा करायचा, पट्टे तपासायचे. हसायला सवड कुठून मिळणार? शिवाय हे त्यांचे मूळ काम नव्हेच; ते प्रवाशांच्या सुरक्षेचे. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या प्रवासी विमानातून सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले, त्याचे मोठे श्रेय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला जाते. चहा विकत घ्यावा लागतो तो कंपनीच्या हिशेबामुळे. आम्ही तर कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा घरूनच नेतो.

– एक प्रवासी, शहापूर, बेळगाव