वाटेवरचे चर मोकळे करणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

घोट्याची सूज उतरली आहे. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. लिगामेंट ताणलं गेलंय, तेवढंच निघालं. तुम्ही डोंगरातच जे सांगितलं होतंत तेच डॉक्टरांनीही सांगितलं, हे आधी कळवायचं होतं.

आभार फोनवर मानून झाले, पण माझं समाधान झालं नाही. न्यू जर्सीतली आपली कितीतरी मंडळी सुट्टीच्या दिवशी डेलावेअर वॉटर गॅप या खिंडीत जातात, अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेच्या खुणा, म्हणजे झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्या बघत डोंगरावरच्या सनफिश पाँड या तळ्यापर्यंत चढतात आणि संध्याकाळी घरी येतात. ती वाट कुणाच्या हातांनी राखली जाते हे त्यांच्याही कानावर जावं, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून नाही लिहिलं.

ऑक्टोबरातला शनिवार होता. उशीर झाला की तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून आम्ही दोघं उजाडतानाच पोचलो होतो. डनफील्ड क्रीकच्या कडेने, हेमलॉकच्या झाडांच्या सावलीतून वर निघालो. तळ्यापर्यंत साधारण ६ किलोमीटर आणि हजार फुटांची चढण. नवरा पुढे, मी मागे; चढाला गप्प, सपाटीला गप्पा. दोघांच्या नोकऱ्या आणि येण्याजाण्यात आमचं बोलणं किराणा आणि बिलांपुरतं उरलं होतं. त्या सकाळी आम्ही सासूबाईंच्या तब्येतीपासून भारतात परत जायचं की नाही इथपर्यंत सगळं बोललो. तळ्याकाठी खडकांवर बसून डबा उघडला. ओकची पानं तांबूस झाली होती आणि हिमनदीने कोरलेलं ते ४४ एकरांचं पाणी अगदी स्थिर होतं. असा दिवस आम्हाला फार दिवसांनी मिळाला होता.

उतरताना ओल्या पानांखालचा दगड हलला आणि पाय आत वळला. मी "आई गं!" म्हणून ओरडले, तर खालच्या वळणावरून आवाज आला, "काय झालं गं?"

काकू, त्या क्षणी मला काय वाटलं ते तुम्हाला खरंच सांगता येणार नाही. डोक्यावर हेल्मेट, हातात टिकाव, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि बोलणं थेट आमच्या मावशीसारखं! तुम्ही टिकाव खाली ठेवलात आणि एकही प्रश्न वाया घालवला नाहीत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड बोटांनी दाबून पाहिलीत, इथे दुखतं का, इथे? मग मला उभं केलंत आणि चार पावलं टाकायला लावलीत. "टाकता येतात ना? मग बहुतेक मोडलेलं नाही. तरी उद्या दाखवून घ्यायचं." बूट काढू दिला नाहीत, एकदा काढला की सुजेमुळे परत चढत नाही म्हणालात. वरूनच क्रेप बँडेज आवळलंत, तुमच्या दोन्ही काठ्या माझ्या उंचीला लावून दिल्यात आणि नवऱ्याला सांगितलंत, "दोघांच्या पिशव्या तू घे, आणि तिच्या पुढे एक पाऊल चाल, बाजूने नको." तो भांबावून गेला होता. हातात काम मिळाल्यावर सावरला. हे तुम्ही मुद्दाम केलंत, नाही का?

तुमचं काम अर्धवट होतं. तरीही तुम्ही पार खालपर्यंत आमच्याबरोबर आलात. दर थोड्या अंतरावर थांबायचात, टिकावाने वाटेतल्या आडव्या चरातली पानं आणि गाळ ओढून बाहेर टाकायचात आणि पुढे निघायचात. मला वाटलं माझ्यासाठी थांबताय. माझ्यासाठीही थांबत होतातच, पण तो चरही तुम्हाला मोकळा करायचा होता. पाऊस पडला की पाणी पायवाटेलाच ओढा करून धावतं, माती नेतं, मुळं उघडी पडतात. मग चिखल टाळायला माणसं बाजूने चालतात आणि वाट रुंदावत जंगलात शिरते. म्हणून वाटेत तिरकी दगडांची किंवा लाकडाची ओळ बसवून पाणी उताराकडे काढून द्यायचं. ऑक्टोबरात ओकची पानं पडली की हे सगळे चर बुजतात. आपल्याकडे डोंगरउतारावर समतल चर खणतात ते पाणी अडवून मुरवायला, इथे चर खणतात ते पाणी लवकर घालवायला, हे तुम्ही चालता चालता सांगितलंत आणि माझं पायाकडचं लक्ष उडालं. वर जाताना आम्ही असे कितीतरी चर ओलांडले होते. पाय कोरडे राहिले ते त्यांच्यामुळे.

डग्लस ट्रेलच्या फाट्यावर टेकलो तेव्हा तुम्ही तळ्याची गोष्ट सांगितलीत. १९६० च्या दशकात वीज कंपन्यांना तिथे जलविद्युत प्रकल्पाचा साठा करायचा होता, आणि १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस लोकांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले. तळं वाचलं. त्यांचंच नाव त्या वाटेला आहे. आमच्या डब्यातली दशमी आणि लसणाची चटणी तुम्ही तिथे उभ्याउभ्या खाल्लीत. बसायला तयारच नव्हतात.

खाली पोचल्यावर दोघांनाही पाय तपासायला लावलेत. नवऱ्याच्या गुडघ्यामागे तिळाएवढी गोचीड निघाली. तुम्ही टोकदार चिमट्याने ती कातडीलगत धरून सरळ वर ओढलीत, न पिळता, न चिरडता, आणि पुढचे काही आठवडे ताप किंवा लालसर चट्टा येतोय का बघायला बजावलंत. काही आलं नाही. या भागात गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा धोका खरा आहे, तेव्हा तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने घरी जाऊन कपड्यांखाली नीट पाहावंच.

त्यानंतर मी घरी पाय उशीवर ठेवून बरंच वाचलं. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची ही अ‍ॅपलाचियन ट्रेल. १९२१ साली बेंटन मकाय यांनी ती कल्पना मांडली, १९३७ साली वाट सलग झाली. जमीन बरीचशी सरकारी असली तरी तिची देखभाल आजही मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात. प्रत्येकाकडे एक तुकडा सोपवलेला. पडलेली फांदी कापायची, वाढलेली झुडपं छाटायची, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरी पट्टी पुसट झाली की पुन्हा रंगवायची. वळण असेल तिथे एकावर एक दोन पट्ट्या. पगार नाही, वाटेवर नावाची पाटी नाही.

कॉलेजात असताना तुम्ही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलात, तेव्हा कातळावर कुणीतरी रंगवलेल्या बाणांनी तुम्हाला धुक्यात वाट दाखवली होती, असं म्हणालात. ते बाण कुणी काढले हे तुम्हाला कधीच कळलं नाही. आज तिकडे गडांवर टाकी उपसायला, पायऱ्या मोकळ्या करायला शनिवार-रविवारी तरुण मुलं जमतात, ते श्रमदान मला नेहमीच मोठं वाटत आलंय. पण निवृत्तीनंतर, परक्या देशात, एकटीने टिकाव खांद्यावर टाकून डोंगर चढणारी आपली एक बाई पाहिली आणि ऊर भरून आला. माझ्यासारख्या अडलेल्या माणसाला तुम्ही एकदा मदत केलीत. पण त्या तुकड्यावरून तुमच्या कामावर पाय ठेवून जाणाऱ्या हजारोंपैकी कुणाला ते कधी कळणारही नाही, आणि तुम्हाला त्याची काही गरजही वाटत नाही.

तुमच्या काठ्या आमच्याकडेच आहेत. धुऊन, पुसून ठेवल्या आहेत. फिजिओथेरपिस्टने सहा आठवडे खडकाळ वाट टाळायला सांगितली आहे, म्हणजे हिवाळा सुरू व्हायच्या आत जमणार नाही. वसंतात तुमची पहिली फेरी कोणत्या शनिवारी आहे ते कळवा, आम्ही दोघंही येतो. नवऱ्याने हातमोजे घेतलेसुद्धा. जास्तीचा टिकाव असेल तर एक आमच्यासाठी आणा, आणि पानं कुठल्या बाजूला ओढायची ते तेव्हा पुन्हा एकदा दाखवा.

तुमचीच,
एडिसनची दोघं