खरेदीला पैसे, फेरीला नाहीत

मा. संपादक,

शहरातल्या बसचा खर्च दिल्लीने का उचलावा, असा सवाल अधूनमधून होतो. दिल्ली तो आजही उचलते, फक्त पुण्यासारख्या मोठ्या शहरांत चुकीच्या टोकाने: गाडी घ्यायला पैसे, चालवायला नाहीत.

आधी त्याहून लहान शहरांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा ही योजना पाहा. १०,००० बससाठी केंद्राचे २०,००० कोटी, म्हणजे डेपो आणि वीजजोडणी धरून बसमागे दोन कोटी. यातला मोठा भाग गाडी धावली तरच मिळतो: १२ मीटर बसला किलोमीटरमागे २४ रुपये, दहा वर्षे. दिवसाला २०० किलोमीटर धरले तर वर्षाचे साडेसतरा लाख होतात. सोलापूर, कोल्हापूर या योजनेत आहेत. पुणे मात्र ४० लाखांवर लोकसंख्येच्या नऊ शहरांत मोडते. त्या नऊ शहरांसाठी सप्टेंबर २०२४ ची पीएम ई-ड्राइव्ह आहे: १४,०२८ बसना ४,३९१ कोटी. भागाकार केला तर बसमागे जेमतेम ३१ लाख, आणि तेही खरेदीपुरते. पुढची दहा-बारा वर्षे ठेकेदाराला किलोमीटरमागे द्यायचे पैसे पीएमपीने, म्हणजे पुण्याची बससेवा चालवणाऱ्या कंपनीने, तिकिटातून काढायचे. उरलेली तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी ६०:४० वाटून घ्यायची.

ही जुनीच खोड आहे. २००९ मध्ये जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेतून शहरांना बस मिळाल्या, तेव्हा पुण्यासाठी केंद्राचा वाटा निम्मा होता. गाड्या आल्या, पण चार-पाच वर्षांनी लागणारे क्लच, एअर कॉम्प्रेसर, टायर, इंजिनाचे ओव्हरहॉल यांना त्या अनुदानात जागा नव्हती. सीएनजी गाडीच्या सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावीच लागते; ती झाल्याशिवाय पंपावर गॅस भरत नाहीत. चाचणीची रक्कम वेळेत मंजूर झाली नाही तर इंजिन ठणठणीत असलेली गाडी आगारात उभी राहते. मग तिचाच एखादा सुटा भाग काढून दुसऱ्या गाडीला लावतात, आणि एकदा असे सुरू झाले की ती गाडी परत रस्त्यावर येणे अवघड. कागदावरचा ताफा आणि सकाळी फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाड्या यांतले अंतर असे वाढते.

ई-बसचे दुखणे वेगळे. १२ मीटर वातानुकूलित बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते. म्हणजे २०० किलोमीटरला २५० युनिट, शंभर गाड्यांना २५,००० युनिट, आणि रात्री चार्जिंगला हाती सहा तास. चार मेगावॉटहून जास्त भार एका आगारावर येतो. त्यासाठी महावितरणची उच्चदाब जोडणी, रोहित्रे, केबलची खोदाई हे सगळे गाड्या येण्याआधी व्हायला हवे. तसे झाले नाही तर नव्याकोऱ्या गाड्या रांगेत उभ्या राहतात आणि दुपारी अर्ध्या चार्जवर फेऱ्या तोडाव्या लागतात.

‘लोकल सेवा, लोकल खर्च’ हे ऐकायला रास्त वाटते. पण महापालिकेकडे स्वतःचे उत्पन्न किती उरले? जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१७ मध्ये जीएसटीत विरघळला. आता राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर आणि मिळकतकरावर गाडा चालतो. इंधनावरचा केंद्रीय उपकर तर राज्यांशी वाटून घ्यायच्या करांत धरलाच जात नाही. उलट, सीएनजी बस घेताना सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता, आता १८ आहे. एकट्याने बसायच्या इलेक्ट्रिक मोटारीला मात्र ५. साध्या, म्हणजे वातानुकूलित नसलेल्या, बसच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे टायर आणि स्पेअर्सवर भरलेला कर वजावटीतही मिळत नाही. म्हणजे केंद्राला बसकडून जाते, बसकडे फारसे येत नाही. (राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत महापालिकांच्या कामांत बसथांब्यांचा उल्लेख आहे, बसचा नाही. थांबा आमचा, गाडी कोणाची?)

मेट्रोच्या बाबतीत हा संकोच दिसत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने ११,४२० कोटींचा पुण्याचा प्रकल्प मंजूर केला, आणि तो राबवणाऱ्या महामेट्रो कंपनीत केंद्र व राज्य यांची निम्मी-निम्मी भागीदारी आहे. मात्र स्टेशनवर उतरलेल्या माणसाला पुढचे तीन किलोमीटर नेणारी बस महापालिकेच्या तुटीवर धावते. ती तूट भागेना म्हणून जून २०२५ मध्ये दैनिक पास ४० वरून ७० आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपये झाला.

तेव्हा केंद्राने पैसे द्यावेत, आणि ते चालवण्यासाठी द्यावेत. पण सरसकट किलोमीटरमागे दिले तर त्यातही खोट आहे. समजा मार्ग २० किलोमीटरचा आहे. ताशी १६ वेगाने जाऊन-येऊन १५० मिनिटे, दोन्ही टोकांचा थांबा २० मिनिटे, एकूण १७०. दर दहा मिनिटांनी बस द्यायची तर १७ गाड्या पुरतात. वेग १२ वर आला की फेरी २२० मिनिटांची होते आणि २२ गाड्या लागतात. किलोमीटर तेवढेच, म्हणून अनुदान तेवढेच; पण पाच गाड्या आणि दोन पाळ्यांचे वीस चालक-वाहक जास्त, तेही साप्ताहिक सुट्या न धरता. शिवाय किलोमीटरला पैसे असले की आगार किलोमीटर पुरवते. सकाळी नऊला कर्वे रस्त्यावर अडकण्यापेक्षा रात्री मोकळ्या रस्त्यावर फेरी मारणे परवडते.

म्हणून मोजायची ती गर्दीच्या वेळेतली पूर्ण झालेली फेरी. जीपीएसवरून ती रोज मोजता येते. आगार ते पहिला थांबा हे मोकळे किलोमीटर त्यात धरू नयेत. रक्कम दरमहा आगाऊ द्यावी आणि हिशेब तिमाहीला चुकता करावा, कारण वर्षअखेरीच्या लेखापरीक्षणाची वाट पाहत ठेकेदाराची बिले थकली की बस आधी थांबते, फाइल नंतर हलते. बदल्यात महापालिकेने स्वतंत्र बस मार्गिकेतली घुसखोरी रोखून वेग राखावा. वेग घसरला तर त्या मार्गाचे अनुदान कापावे. आणि पीएम ई-ड्राइव्हमधून पुण्याला येणाऱ्या गाड्यांनाही सोलापूर-कोल्हापूरसारखा चालवण्याचा आधार मिळावा, फक्त तो किलोमीटरवर नव्हे, फेरीवर मोजून. पहिली गाडी आगारात शिरण्याआधी तसा करार व्हायला हवा.

– एक निवृत्त वाहतूक नियोजक, कोथरूड, पुणे