निंबाखाली चित्रक लाव

म्हसवड,
मृगाच्या तोंडावर

प्रिय दिल्या,

पत्र पोचलं. वहिनींची जास्वंद निंबाखाली पुन्हा वाळली म्हणतोस आणि खापर फोडतोस सावलीवर. अरे, तिथं खरी मारामारी पाण्याची आहे. चार थेंब पडले की निंबाच्या वरवरच्या मुळ्या ते आधी ओढून घेतात. रोज बादल्या ओतशील तर टँकरच्या पाण्यावर निंबच पोसशील.

तिथं चित्रकाचं झुडूप लाव. आपल्याकडं कुंपणाच्या, झुडपांच्या आडोशाला आपसूक येतो तो, पांढऱ्या फुलांचा. नर्सरीत नुसतं चित्रक म्हणालास तर निळा गळ्यात मारतील. तो दक्षिण आफ्रिकेचा. दिसायला देखणा, पण फुलायला त्याला ऊन हवं. लाल चित्रकाला ओल जास्त लागते.

पहिला पाऊस मुरला की पांढऱ्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या लाव, दोन डोळे मातीत, दोन वर. बुंध्यापासून तीन-चार फूट लांब, दोन-दोन फुटांवर. खड्डा टीचभरच घे. मोठा घेतलास तर निंबाच्या मुळ्या तुटतील आणि मोकळ्या मातीत नव्या घुसतील. पाचोळा झाडून जाळायची तुझी खोड मात्र सोड. तोच पसरून ठेव, ओल टिकते. पहिला उन्हाळा आठ-दहा दिवसांनी तांब्या-तांब्या पाणी दे. पुढं उन्हाळ्यात पानं गाळून खराट्यासारखा दिसला तरी उपटू नकोस. पावसाआधी गुडघ्याएवढा छाट, बुडातून फुटतो. फुलं नव्या फुटीवरच येतात.

फुलाखालची हिरवी नळी बोटात धरून बघ. बारीक चिकट केसांनी भरलेली असते, मुंगी अडकते तिथं. बीसुद्धा याच चिकटीनं शेळीच्या अंगाला लागून गावभर हिंडतं. कळ्यांवर 'झेब्रा ब्लू' हे चिमुकलं फुलपाखरू अंडी घालतं, अळ्या कळ्या खातात. चार कळ्या गेल्या म्हणून लगेच पंप घेऊन धावू नकोस!

मुळाशी मात्र खेळ नको. ओलं मूळ कातडीला लागलं तर फोड येतात, आणि गरोदर बाईला तर ते पोटात अजिबात चालत नाही. चित्रकादी वटी, म्हणजे याचं मूळ घातलेली आयुर्वेदिक गोळी, वैद्यानं द्यावी, आपण परसात काढे करत बसू नये. धाकटीला हे आधीच बजावून ठेव, ती यूट्यूब बघून काहीही उकळते.

कांड्या माझ्याकडं भरपूर आहेत. पुतण्या रविवारी एसटीनं तिकडं येतोय, ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच्याजवळ देतो. आल्या त्या संध्याकाळीच लाव, आणि तो गोणपाट परत पाठव, चांगला आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या