रविवारी सकाळी पाऊण तास घाट द्या

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी एस.टी.चा निवृत्त चालक. सासवड-स्वारगेट फेऱ्यांवर उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे पुणे-सासवड रस्त्यावरचा दिवे घाट मला गिअरांवरून पाठ आहे. पायथ्याची वडकी सुटली की गाडी कुठं तिसऱ्यावर कुरकुरायला लागते, कुठल्या वळणाआधी दुसरा टाकावाच लागतो, हे आजही झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आता गाडी सुटली. पण वर्षातून एखाद्या रविवारी आमच्या भागात सायकल शर्यत असते, ती बघायला मी घाटातच जातो. हे पत्र त्या शर्यतीबद्दल आहे. अनुदान मागत नाही, पुतळा मागत नाही, तेव्हा पुढं वाचायला हरकत नसावी.

सायकल शर्यत सपाटीवर उभं राहून बघण्यात अर्थ नाही. घोळका येतो, साखळ्यांचा सर्रकन आवाज होतो, रंगीत जर्सी डोळ्यांपुढून जातात आणि 'पुढं कोण होता रे?' असं शेजारच्याला विचारेपर्यंत रस्ता रिकामा. घाटात तसं नसतं. मी वरच्या एका वळणावर कठड्यापाशी बसतो. खाली मस्तानी तलाव दिसतो, रस्त्याचे खालचे पदर दिसतात, आणि त्यावर मुंग्यांची रांग लागावी तशी पोरं दिसायला लागतात. मग ती वळणाआड जातात. तेवढ्यात काय होईल ते देव जाणे. पुन्हा दिसतात तेव्हा रांग तुटलेली असते, पहिला पाचवा झालेला असतो आणि कुणीतरी भलताच पुढं आलेला असतो.

आम्ही बघे लोक पैज लावतो ती चहाची. माझा नातू म्हणतो, आजोबा, घोळक्यात तगडा दिसतो तोच जिंकणार. मी म्हणतो, थांब. सपाटीला तगड्याच्या मागं चिकटून राहिलं की वारा तो खातो, मागचा निम्मा फुकट जातो. चढाला वेग पडला की ही लबाडी चालत नाही. तिथं ज्याचं वजन त्यानंच उचलायचं. मग एखादं काटकुळं पोरगं, ज्याच्याकडं खाली कुणी बघितलंही नव्हतं, सीटवरून उठतं आणि डुलत डुलत निघून जातं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, ते उगीच नाही.

आमच्याकडं गिअरवाल्यांची शर्यत वेगळी आणि साध्या सायकलींची वेगळी. मला विचाराल तर खरी शर्यत साध्या सायकलींची. दूध घालायला जाणारी सायकल, कॅरिअर काढून ठेवलेलं, मडगार्ड काढलेली, चाकात हवा दगडासारखी टणक. गिअर नाही, म्हणजे चढाला दुसरा टाकायची सोयच नाही. पोरगं पेडलवर उभं राहतं, हँडल डावीउजवीकडं ओढतं, आणि इतकं सावकाश जातं की त्याच्या कानशिलावरचा घाम आपल्याला मोजता येतो. अशा वेळी त्याच्या शेजारून चालत चालत 'हाण, हाण, आलं वळण' म्हणता येतं. वानखेडेवर तिकीट काढून कुणाला खेळाडूच्या इतकं जवळ जाता येतं का, सांगा.

आता कबुली. नोकरीत असताना एकदा अशीच शर्यत माझ्या गाडीपुढं आली. गाडी भरलेली, वेळ टळलेली. दोन पोरं रस्ता अडवून चढत होती आणि मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. त्यातलं एक दचकून गटाराच्या बाजूला गेलं, पाय टेकला, आणि चढाला एकदा पाय टेकला की पुन्हा सुरुवात होत नाही. आरशात मला ते सायकल हातात धरून चालताना दिसलं. तेव्हा वाटलं होतं, बरी जिरली. आज कठड्यावर बसलं की आधी तेच पोरगं आठवतं.

गेल्या शर्यतीत हॉर्नवर भागलं नाही. माझ्या समोरच्या वळणावर खालून डंपर आला आणि वरून पिकअप. मधे चार पोरं. तिघं डोंगराच्या अंगाला दाबून निघाली, चौथं खडीवर घसरलं. गुडघा आणि कोपर सोलून निघालं, हाड वाचलं. रुग्णवाहिका नव्हती. चहाच्या टपरीवाल्यानं हळद लावली, कुणाच्या तरी मोटारसायकलवरून त्याला खाली नेलं. आयोजकांना मी शिव्या देणार नाही. आपापली नोकरी-धंदा सांभाळून शर्यत भरवणारी माणसं ती. परवानगीसाठी त्यांनी कचेऱ्यांचे किती उंबरे झिजवले ते मी बघितलंय. प्रत्येक टेबलावर उत्तर एकच: घाट बंद करता येत नाही.

साहेब, माझी हरकत या एका वाक्याला आहे.

दरवर्षी माउलींची पालखी पुण्याहून सासवडला याच घाटानं येते. रथाला जादा बैलजोड्या लागतात, लाखो माणसं चढतात. त्या दिवशी वाहनांना घाट बंद असतो. बोपदेव घाटानं किंवा कात्रज-कापूरहोळवरून वाहतूक वळवतात, आधी वर्तमानपत्रात येतं, जागोजागी पोलीस असतात. मी स्वतः त्या दिवशी लांबच्या वाटेनं गाड्या नेल्यात आणि एकाही प्रवाशानं तक्रार केलेली आठवत नाही. वारीची आणि शर्यतीची बरोबरी मी करत नाही, माझी जीभ झडेल. घाट बंद कसा करायचा हे सरकारला चांगलं ठाऊक आहे, एवढंच म्हणायचंय.

आणि जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, ती तर आपल्या खात्याला नव्यानं सांगायला नको. १९ ते २३, पाच दिवस, ४३७ किलोमीटर. परदेशचे संघ आले. खड्डे बुजले, डांबर नवं झालं, शर्यतीच्या वेळेपुरते रस्ते बंद राहिले. मी नातवाला घेऊन गेलो होतो. आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यावर समोरून एकही गाडी येत नाही हे दृश्य मी सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. पाव्हण्यांसाठी पाच दिवस होतं, ते घरच्या पोरांसाठी पाऊण तास का होऊ नये?

पाऊण तास मी हिशोबानं म्हणतोय. घाट चार-पाच किलोमीटरांचा. गिअरवाला पहिला पोरगा पंधरा मिनिटांच्या आसपास वर येतो, साध्या सायकलवाला शेवटचा त्याच्या दुपटीहून जास्त घेतो. मोठ्या शर्यतीत पुढं लाल झेंड्याची गाडी असते, मागं हिरव्या झेंड्याची. दोन्हींच्या मधला रस्ता शर्यतीचा, हिरवी गाडी गेली की रस्ता पुन्हा सगळ्यांचा. तेवढंच इथं करावं. वेळ रविवारी सकाळी सातनंतरची ठेवावी, कारण आमच्याकडचे अंजीर-सीताफळांचे टेम्पो मार्केट यार्डाला पहाटेच उतरून जातात. एस.टी.च्या दोन फेऱ्या अर्धा तास मागं-पुढं होतील. त्यावरून ओरड झाली तर चालकांना समजवायला मला बोलवा.

मागणी एवढीच आहे. जिल्हा सायकल संघटनेची मान्यता असलेल्या स्थानिक शर्यतीला घाट-चढापुरता रस्ता, पोलीस बंदोबस्त आणि एक रुग्णवाहिका मिळेल, असा शासन निर्णय काढावा. दिवे घाटापुरता नको. वाईचा पसरणी घाट आहे, नाशिककडं कसारा आहे, तिथल्याही पोरांना लागू व्हावा. अर्ज कुणाकडं करायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, हे त्यात स्पष्ट लिहावं, म्हणजे टेबलं कमी होतील.

मुलींचं राहिलं. आमच्याकडं मुलींची शर्यत घाटाच्या पायथ्याशीच संपवतात. कारण विचारलं तर म्हणतात, वर वाहनांचा धोका आहे. धोका मुलांनाही तेवढाच आहे, हे मी गेल्या वेळी डोळ्यांनी बघितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेनं सायकलिंगमध्ये खेलो इंडियात सुवर्णपदकं आणली, आणि आमच्या पोरींना वडकीतच उतरवून म्हणायचं, बाळ, पुढं चढ आहे. माझी नात आठवीत आहे. तिनं मला विचारलं, आजोबा, मी वर केव्हा येणार? मी वळणाकडं बोट दाखवून गप्प बसलो.

पुढची शर्यत थंडीत होईल असं म्हणतात. मी नेहमीच्या वळणावर असेन. नोकरीतली शिट्टी अजून आहे, लाल फडकं घरात सापडेल, वरून गाडी आली तर मी थांबवीन. पण साहेब, बिनखाकीच्या म्हाताऱ्याचं डंपरवाले ऐकत नाहीत. दोन पोलीस पाठवा.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक
सासवड, ता. पुरंदर