आमच्या घराण्याची वंशावळ टिकल्यांनी मांडणाऱ्या डॉक्टर मॅडमना

सोलापूर

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सविनय नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये ही आपली अट मी पाळते आहे. पत्र मात्र उघडपणे लिहिते आहे, कारण सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत आमच्यासारखी आणखी घरे नक्की असतील, जिथे दिवेलागण झाली की घरातले कोणीतरी भिंतीला हात लावून चालू लागते आणि बाकीचे त्याविषयी बोलायचे टाळतात.

आमच्या घरात हे तीन पिढ्या चालले होते. आजीला गल्लीत सगळे 'रातांधळी' म्हणत. वडील साखर पेठेत यंत्रमागावर होते. रात्रपाळीत मागाच्या कडेला तुटलेला धागा त्यांना दिसत नसे, कापड बिघडत जाई आणि मालकाला तो कामचुकारपणा वाटे. रात्रपाळी नको म्हणतात एवढ्या कारणावरून एका कारखान्याने त्यांना काढून टाकले, तेव्हा माझा भाऊ दोन वर्षांचा होता. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचे दारूकाम पाहायला शेजारची मुले बापाच्या खांद्यावर बसून जात, आम्हाला आई नेत असे. 'मला गर्दी सोसत नाही,' असे वडील सांगत आणि आम्ही ते अनेक वर्षे खरे मानले.

भावालाही लहानपणापासून अंधारात दिसेना, तेव्हा दोष आईच्या पदरात पडला. तो पोटात असताना तिने ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, असे आजी म्हणाली. तेच आत्या म्हणाली. आणि रागाच्या भरात वडीलही म्हणाले. ज्या तिघांना स्वतःला हाच आजार होता, त्यांनीच हे म्हणावे, हे आज फार विचित्र वाटते, पण त्या वेळी घरात कोणालाच ते जाणवले नाही. आईने कधी उलट उत्तर दिले नाही. ती गाजरे किसत राहिली, कलेजी शिजवत राहिली. पुढे परगावच्या एका ठिकाणी 'डोळ्याचा पडदा पुन्हा जिवंत करणारी' इंजेक्शने मिळतात असे कळले, तेव्हा तिने तिच्या बांगड्या मोडल्या. भावाचा उजवा डोळा त्यानंतर दोन महिने लाल होता; बाकी काही बदलले नाही.

भावाला आपल्याकडे आणले ते केवळ चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. आपण बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिला, अर्धगोलात चमकणारे ठिपके दिसले की बटण दाबण्याची ती तपासणी केली आणि मग असा एक प्रश्न विचारलात, जो इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने विचारला नव्हता: घरात आणखी कोणाला असे होते? भावाने आजीचे नाव घेतले. आपण पेन खाली ठेवलेत आणि म्हणालात, 'ओपीडी संपल्यावर थांबा. उद्या आईवडिलांना घेऊन या.'

दुसऱ्या दिवशी आपण जे समजावून सांगितलेत, ते मी माझ्या शब्दांत इथे मांडते, कारण मला हे पंचवीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर आमचे घर वेगळे झाले असते. डोळ्याच्या पडद्यात सुमारे बारा कोटी दंडपेशी असतात, त्या मंद उजेडात पाहण्यासाठी. आणि साठेक लाख शंकुपेशी असतात, त्या रंग आणि बारीक अक्षरे पाहण्यासाठी. दंडपेशीच्या टोकाशी पातळ चकत्यांची चवड असते. मी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे हे कळल्यावर आपण म्हणालात, घड्या घातलेल्या टॉवेलांची चवडच समजा, सुमारे हजार घड्यांची, आणि ती रोज वरून थोडी झडते, खालून थोडी नवी भरते, अशी साधारण दहा दिवसांत सगळी बदलते. या चकत्यांत रोडॉप्सिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते. ते 348 अमिनो आम्लांचा एक धागा आहे आणि तो चकतीच्या पापुद्र्यातून सात वेळा आरपार जातो. त्याच्या पोटात 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू बसवलेला असतो. उजेडाचा एक कण पडला तरी तो रेणू सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची सुरुवात होते.

गाजर आणि कलेजीचे कोडे तिथेच सुटले. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले तरी रातांधळेपणा येतो, आणि तो आहाराने, औषधाने बरा होतो. आमच्या घरातला रातांधळेपणा त्यातला नाही. इथे प्रथिनातच चूक आहे. आई तेव्हा हळूच म्हणाली, 'म्हणजे मी घातले ते कमी पडले म्हणून नाही ना?' आपण तिला दोनदा 'नाही' म्हणालात. तो दुसरा 'नाही' मला अजून ऐकू येतो.

त्यानंतर आपण केलेली गोष्ट या पत्राचे खरे कारण आहे. आपण कागदावर घराण्याची वंशावळ काढू लागलात, पुरुषांना चौकोन आणि बायकांना वर्तुळ. वडील म्हणाले, 'मॅडम, मला ते दिसायचे नाही.' आता त्यांना खिडकी कुठे आहे एवढेच कळते. आपण क्षणभर थांबलात, मग आईकडे टिकल्यांचे पाकीट आहे का विचारलेत. जाड पुठ्ठ्यावर बायकांच्या जागी टिकल्या लावल्यात, पुरुषांच्या जागी चिकटपट्टीचे चौकोनी तुकडे, आणि ज्यांना आजार आहे त्यांच्याखाली कापसाची बारीक गोळी ठेवलीत, म्हणजे तिथे बोटाला उंचवटा लागावा. मग वडिलांचा हात धरून आजीपासून सुरुवात केलीत. उंचवटा. आजोबा सपाट. वडील उंचवटा, आत्या उंचवटा, काका सपाट. खालच्या ओळीत भाऊ उंचवटा. नंतर आईच्या बाजूला नेलेत: तिचे आईवडील, दोन भाऊ, ती स्वतः. आयुष्यभर कापडाचा पोत चाचपून ओळखणारी ती बोटे त्या बाजूवरून तीनदा फिरली.

'तुझ्या बाजूला एकही उंचवटा नाही,' वडील आईला म्हणाले.

खोलीत कोणी काही बोलले नाही. आई पदराने डोळे पुसत राहिली. लगेच आपण हेही सांगितलेत की हा दोष आता आजीवर टाकायचा नाही. जनुकाची प्रत पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाताना कुठेतरी एक अक्षर बदलले, आणि ते कोणाच्या वागण्यामुळे, खाण्यामुळे किंवा ग्रहणामुळे बदललेले नाही. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. आमच्या आजारात त्यातली एक बिघडलेली असली तरी आजार व्हायला पुरते, आणि कोणत्याही अपत्याकडे ती जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते. मोठ्याला झाला म्हणून धाकट्याला होणार नाही, असा हिशेब इथे चालत नाही.

आत्या रक्त द्यायला तयार नव्हती. तिला आपण आयर्लंडच्या त्या मोठ्या कुटुंबाची हकिकत सांगितलीत, ज्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून डब्लिनच्या संशोधकांनी 1989 मध्ये या आजाराचे मूळ तिसऱ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत थॅडियस ड्रायजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोडॉप्सिनच्या जनुकातले बदल नेमके शोधून काढले. 'त्या लोकांनी रक्त दिले म्हणून आज मला तुमच्या घरात कुठे पाहायचे ते माहीत आहे,' असे आपण म्हणालात. आत्याने बाही वर केली.

अहवाल आला तेव्हा कळले, रोडॉप्सिनच्या 348 अमिनो आम्लांपैकी 347 व्या जागेवर प्रोलीन या आम्लाऐवजी ल्युसीन बसले आहे. शेवटून दुसरे! एवढ्या लांब धाग्याच्या टोकाशी झालेल्या बदलाने इतके कसे बिघडावे, असे मी विचारले. आपण सांगितलेत की प्रथिनाच्या या शेवटच्या टोकावर ते पेशीत कुठे पोहोचवायचे याची खूण असते. मला लगेच समजले. आमच्याकडे गठ्ठा कितीही चांगला बांधलेला असो, त्यावरच्या पत्त्याची चिठ्ठी चुकली की माल भलतीकडे जातो आणि गोदामात साचत राहतो. दंडपेशीत तसेच साचते आणि ती हळूहळू मरते. दंडपेशी गेल्या की त्यांच्या आधाराने राहणाऱ्या शंकुपेशीही पुढे टिकत नाहीत, म्हणून आधी रात्र जाते, मग बाजूचे दिसणे, आणि सगळ्यात शेवटी समोरचे.

इलाज आहे का, या प्रश्नाला आपण जे उत्तर दिलेत त्याबद्दल मी विशेष आभार मानते. आपण आशा विकली नाहीत. अमेरिकेत 2017 मध्ये पडद्याच्या आजारावरचा पहिला जनुकोपचार मंजूर झाला हे खरे, पण तो 'आरपीई 65' नावाच्या वेगळ्या जनुकासाठी आहे, तो भावाला लागू पडणार नाही. रोडॉप्सिनवर संशोधन चालू आहे आणि मंजूर उपचार अजून नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत. त्याच वेळी जे करता येते ते सगळे केलेत. भावाच्या डोळ्यांत याच आजारासोबत येणारा मोतीबिंदू होता, त्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याला वर्तमानपत्राची अक्षरे पुन्हा स्वच्छ दिसू लागली.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी भावाला पूर्वी एका कार्यालयातून दोनदा परत पाठवले होते, 'तक्त्यावरच्या ओळी तर वाचतोस' म्हणून. तो ओळी वाचतो, पण नळीतून पाहिल्यासारखे. शेजारी उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टीचे क्षेत्र दहा अंशांपेक्षा कमी असेल तर तेही अंधत्वात धरले आहे, हे आपण त्याच्या क्षेत्र-तपासणीच्या कागदासह लिहून दिलेत. तिसऱ्या खेपेला प्रमाणपत्र मिळाले.

माझ्याविषयी थोडे लिहिते. माझ्यात तो बदल नाही. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. भावाच्या वाट्याचे मी चोरून आणले असे वाटत राहिले. आपण मला एकटीला बोलावून अर्धा तास बसवून घेतलेत. तब्येत धड असलेल्या नातेवाइकासाठी कोणी डॉक्टर असा वेळ काढेल याची मला कल्पना नव्हती. भावाची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला अजून कसलाही त्रास नाही. तिची जनुकचाचणी आजच करावी असा आत्याचा आग्रह होता. आपण म्हणालात की डोळे दर वर्षी तपासू, पण त्रास नसताना ही चाचणी करायची की नाही ते ती सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवेल. पुठ्ठ्यावर तिच्या टिकलीची वेळ आली तेव्हा आपण खाली कापूस ठेवला नाहीत आणि टिकली चिकटवलीही नाहीत, नुसती पेन्सिलीने जागा आखलीत.

तो पुठ्ठा आमच्या घरात देवघराशेजारी आहे. मधल्या काळात दोन टिकल्या निघून पडल्या होत्या, आईने तिच्या पाकिटातून त्याच मापाच्या काढून लावल्या. पेन्सिलीची जागा तशीच ठेवली आहे.

आत्याचा नातू बार्शीला असतो, सात वर्षांचा. संध्याकाळी अंगणात खेळताना तो चेंडू शोधत बसतो, असे त्याच्या आईने परवा फोनवर सांगितले. तिने हे लपवले नाही आणि कोणाला बोल लावला नाही. येत्या सोमवारी त्या दोघांना घेऊन मी आपल्याकडे येत आहे. वडीलही येतो म्हणतात.

आपली ऋणी,
साखर पेठेतील एका विणकराची मुलगी